टायगर इज कमिंग, जी

चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत-बाहेर विजेचा खांब दिसला की त्यावर इंग्रजीची पाटी असायचीच. 'फाडफाड इंग्रजी बोला.' कोणी नव्वद दिवसांत बोलायला लावतो, कोणी साठ, आणि स्पर्धा वाढली तसा एकजण तीसवर आला आहे. उन्हाळी सवलतीत तो आठवड्यावर येईल अशी गावाला आशा आहे. गोंडराजांनी गावाभोवती एवढा थोरला परकोट बांधला, दरवाजे ठेवले, शत्रू कुठून येईल याचा विचार केला. इंग्रजी मात्र गेटातल्या गर्दीतून हॉर्न वाजवत आत शिरली आणि कोणी अडवलं नाही.

पाटीवर टाय घातलेला एक तरुण हसत असतो. तो चंद्रपूरचा नाही हे लगेच कळतं, कारण त्याला घाम आलेला नाही.

क्लासचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा हवामानाचा. 'लव्हली वेदर, इजन्ट इट?' हे वाक्य मे महिन्याच्या दुपारी, पारा पंचेचाळीसच्या पुढं गेलेला असताना, गांधी चौकात कोणी म्हणून दाखवावं. लोक त्याच्या डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतील, खिशात कांदा कोंबतील आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेतील. पुढचा धडा 'अ‍ॅट द एअरपोर्ट'. मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथं उतरणारे साहेब आपल्याशी बोलायला उतरत नाहीत. त्यानंतर 'अ‍ॅट द रेल्वे स्टेशन'. गडचिरोली शहरापर्यंत रेल्वे आणायचं काम चालू आहे म्हणे. तोवर तिथल्या पोरांनी या धड्याच्या सरावाला वडशाला जायचं. 'अ‍ॅट द तेंदूपत्ता फळी', म्हणजे पानांचे पुडे मोजून घेतात त्या जागेवरचा, असा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, आणि भांडायला खरी भाषा लागते ती तिथं.

वास्तविक आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज तिशी पार करून बाप झाली. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकून झाल्यावर माणूस इंग्रजी बोलायचा क्लास लावतो. गणिताचं असं होत नाही. दहा वर्षं गणित शिकल्यावर बेरजेचा क्लास कोणी लावल्याचं ऐकलं नाही. शाळेत इंग्रजी लिहून होतं, रिकाम्या जागा भरून होतात, 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' होतं. बोलायचं तेवढं राहून जातं, कारण वर्गात बोललं की सर ओरडतात.

त्याआधीच्या पिढीनं रॅपिडेक्सवर दिवस काढले. जाहिरातीत कपिलदेव असायचा. १९८३ चा वर्ल्डकप जिंकून आणणारा माणूस सांगतो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? ते जाडजूड पुस्तक घरोघरी असे. पहिली वीस पानं मळून चिंध्या झालेली आणि पुढची सगळी कोरी करकरीत. तेवढ्या वीस पानांवर कित्येकांनी नोकऱ्या काढल्या आणि निवृत्तही झाले.

आमच्याकडची खरी अडचण निराळीच आहे. इंग्रजी मराठीतून शिकवतात, आणि ती मराठी आमची नसते. सर फळ्यावर लिहितात, 'मी जेवत आहे.' आता चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत 'जेवत आहे' असं कोण म्हणतं? 'काय करून राहिला बे?' 'जेवून राहिलो.' चालू वर्तमानकाळ आमच्याइतका चालू उभ्या महाराष्ट्रात कुणाचा नसेल. 'आय अ‍ॅम ईटिंग' आणि 'जेवून राहिलो' हे एका आईच्या पोटचे भाऊ वाटावेत इतके जवळचे. त्यांची थेट गाठ घालून दिली असती तर काम एका दिवसात झालं असतं. पण सर त्या वाक्याला आधी पुण्याला नेतात, तिथं त्याचं 'जेवत आहे' करतात, आणि मग इंग्लंडच्या विमानात बसवतात. पोट्टा पुण्यातच हरवतो.

गडचिरोलीच्या पोट्ट्याला तर आणखी गाड्या बदलाव्या लागतात. भामरागडकडचं लेकरू घरी माडिया बोलतं, आश्रमशाळेत सरांची मराठी, बाजारात झाडीबोली, टीव्हीवर हिंदी. कोरची-कुरखेड्याकडे गेलं की छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे: ग्लासफोर्ड हा इंग्रज साहेब, पेठा तेलुगू आणि सातबारा मराठीत. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातली चौदा गावं अशी, की महाराष्ट्र म्हणतो माझी आणि तेलंगण म्हणतं माझी. तिथल्या माणसाकडे दोन्हीकडची कार्डं आणि दोन्हीकडच्या भाषा. अशा चार-पाच भाषा खिशात घालून फिरणारा पोरगा कॉलेजात आला की पहिल्याच आठवड्यात त्याला सांगण्यात येतं, 'तुझी लँग्वेज वीक आहे.' सांगणारा गृहस्थ बहुधा दीड भाषेचा धनी असतो.

मग येतो इंटरव्ह्यू. पुण्याहून कंपनीचे साहेब येतात, खुर्चीत रेलून म्हणतात, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' इथं निम्मी पोरं गारद होतात, आणि ते इंग्रजीमुळं नव्हे. आमच्याकडे स्वतःबद्दल सांगायची रीतच नाही. अनोळखी माणूस दिसला की विचारतात, 'कोनाचा गा तू?' मग बापाचं नाव, गाव, मामाचं गाव, आत्याचं गाव, आणि चहा येईपर्यंत कुठलं तरी नातं निघतंच. त्यात 'स्वतः' नावाचा इसम कुठं येतच नाही. त्यामुळं पोरगा क्लासमध्ये पाठ केलेलं म्हणून टाकतो: 'मायसेल्फ अमुक अमुक. माय फादर इज फार्मर. माय मदर इज हाउसवाइफ. माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग म्युझिक.'

ही हाउसवाइफ मार्चात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जंगलात असते. मेमध्ये तेंदूपत्ता तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. पावसाळ्यात पोटरीभर चिखलात वाकून धानाची रोवणी करते, दिवाळीच्या सुमाराला तेच धान कापते. एवढ्यातून ती घरात कधी सापडली तर घरच्यांनाच दचकायला होतं. आणि रीडिंगची हॉबी सांगणारा हा पोरगा झाडावर चढून आग्या मोहोळ उतरवतो, नाल्यात नुसत्या हातानं मासे धरतो. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी नोकरी दिली असती की नाही सांगता येत नाही, पण टेबलावर पुढं तरी सरकले असते. मात्र 'आग्या मोहोळ' क्लासच्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळं ते आयुष्यातही नव्हतं असं धरून चालायचं.

क्लासमध्ये 'स्टेज डेअरिंग' नावाचा एक जादा पदार्थ मिळतो. त्याची फी वेगळी. झाडीपट्टीतल्या पोराकडून स्टेज डेअरिंगचे पैसे घेणं याला मात्र खरंच डेअरिंग लागतं. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडशाच्या नाटक कंपन्यांचे तंबू लागतात. शंकरपट असो की मंडई, त्या रात्री नाटक हवंच, आणि नाटक म्हणजे रात्रभर. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांनी अशाच मंचांवर लोकांना हसवत आयुष्य काढलं आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या गावात एकाचा काका रात्री राजा होऊन सिंहासनावर गरजतो आणि सकाळी नकली दाढीचा डिंक पुसत बैल सोडतो, त्या गावातला पुतण्या चंद्रपुरात खोली करून राहतो आणि स्टेज डेअरिंग शिकतो. शिकवणारे सर स्वतः माइक हातात आला की 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतात आणि मग डायरीत बघतात.

काकाला भीती का वाटत नाही याची चौकशी क्लासवाल्यांनी करायला हरकत नव्हती. काकाला ठाऊक असतं की समोर बसलेली बाई आता पदराला डोळे पुसणार आहे आणि मागचा पोट्टा शिट्टी मारणार आहे. क्लासचा सल्ला असतो, 'रोज आरशासमोर उभं राहून बोला.' आता आरसा काही विचारत नाही, हसत नाही, चुकलं तरी मान डोलावतो. वर आणखी 'विचारसुद्धा इंग्रजीतच करा' असा उपदेश. पिशवीभर भाजीचा हिशेब इंग्रजीत करणारा माणूस गंजवॉर्डातून परत येईपर्यंत दोनदा फसलेला असतो.

फाडफाड नव्हे, पण नीट पोचणारं इंग्रजी ऐकायचं असेल तर पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटावर जावं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलंच. आता त्याच्या कडेकडेच्या गावांतली पोरं, आणि बऱ्याच बायासुद्धा, खाकी घालून गाईड झाल्या आहेत. कोणी दहावी, कोणी बारावी, कोणी त्याच्या अलीकडेच उतरलेलं. जिप्सीत मागं बसलेला पाहुणा जर्मनीचा असतो, नाहीतर बेंगळुरूचा, दोघांशीही इंग्रजीच. सफारीत मोबाइल न्यायला बंदी, म्हणजे गूगलचाही टेकू नाही. अशा वेळी माणसाला भाषा येते.

जिप्सी चालली आहे. गाईड एकदम हात वर करतो आणि ड्रायव्हरला म्हणतो, "बंद कर बे गाडी." इंजिन थांबतं. मग मान न वळवता मागच्यांना, "लिसन." लांब कुठंतरी एक खणखणीत आवाज. "सांबर. अलार्म कॉल." पुन्हा आवाज. "चितळ मे टेल लाय. लंगूर सिटिंग टॉप, सीइंग गुड. बट सांबर नेव्हर टेल लाय. टायगर इज वॉकिंग. नॉट सिटिंग. वॉकिंग." यातलं एकही वाक्य कुठल्या परीक्षेत पास होणार नाही. आणि जिप्सीतल्या सहाही जणांना सगळं समजलेलं असतं, अंगावर काटा आलेला असतो, आणि कॅमेऱ्याचा पट्टा कोणाच्या तरी चष्म्यात अडकलेला असतो. "टायगर इज कमिंग, जी," असं तो शेवटी म्हणतो. आमच्याकडे 'हो'लाही जी लागतं आणि 'नाही'लाही. वाघानं काय घोडं मारलं आहे?

याच जिप्सीत व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलणारी मंडळीही असतात. ती मोठ्या शहरातून आलेली असतात आणि गेटापासून पाणवठ्यापर्यंत अखंड बोलत असतात. शाळांच्या अ‍ॅडमिशन, फ्लॅटचे दर, मागच्या वर्षीचं केनिया. गाईडला सगळ्यात जास्त वेळा म्हणावं लागणारं आणि म्हणून सगळ्यात सफाईनं येणारं वाक्य म्हणजे 'सायलेन्स प्लीज.' इंग्रजी संभाषण सुधारायचं तर कधी गप्प बसायचं हेही शिकवायला हवं, पण त्याची पाटी अजून कोणी लावलेली नाही.

पक्ष्यांचं तर विचारूच नका. 'क्रेस्टेड सर्पंट ईगल', 'ऑरेंज-हेडेड थ्रश', 'इंडियन पिट्टा' ही नावं गाईडच्या तोंडून अशी सुटतात की इंग्रजीच्या प्राध्यापकानं वही काढावी. येनाच्या झाडाला तो 'क्रोकोडाइल बार्क' म्हणतो आणि साल दाखवतो, की आपल्यालाही मगर दिसू लागते. वाघांना तर दोन-दोन नावं. वाघडोह नावाचा मोठा थोर वाघ इथं होऊन गेला, २०२२ साली वारला. त्याचं इंग्रजी माध्यमातलं नाव स्कारफेस होतं. दोन्ही नावांना त्यानं कधी ओ दिली नाही, हा भाग वेगळा.

ताडोबा तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. पौषात तिथं जत्रा भरायची. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, मग देव झाला, अशी कथा. एका गाईडनं पाहुण्यांना ती अशी सांगितली: "तारू वॉज अवर मॅन. टायगर किल्ड हिम. देन ही बिकेम गॉड. सो नेम तारोबा, ताडोबा. नाऊ टायगर ऑल्सो बिकेम गॉड. टिकीट इज देअर." यात दंतकथा आहे, इतिहास आहे आणि वनखात्याचं अर्थशास्त्रही आहे. मागं बसलेल्या मॅडमनी हसत विचारलं, "आणि तू पहिला वाघ कधी पाहिलास?" तो म्हणाला, "चाइल्डहूड, मॅडम. माय बुल सॉ बिफोर मी. लास्ट टाइम." मॅडमचं हसू जरा वेळानं थांबलं. जंगलाच्या कडेला राहणं म्हणजे काय, ते त्यांना त्या तीन वाक्यांत समजलं असावं.

असं इंग्रजी या दोन जिल्ह्यांत बरंच पसरलं आहे, फक्त त्याला कोणी इंग्रजी म्हणत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, जवळजवळ अठराशे हेक्टरांवर. पण बांबू तोडला तरी बाहेर न्यायला वाहतूक परवाना हवा, आणि तो द्यायचा कोणी यावर बराच काळ ओढाताण झाली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून या भागातल्या ग्रामसभेत धोतर नेसलेला म्हातारा 'टीपी', 'सीएफआर', 'मॅनेजमेंट प्लॅन' असे शब्द तंबाखू चोळता चोळता बोलतो. टीपी म्हणजे काय हे तो ट्रकवाल्यालाही समजावतो आणि साहेबालाही, आणि दोघांनाही त्याच्यापेक्षा कमी माहीत असतं. गावातली आशाताई कोणाच्या दारात उभी राहून सांगते, "सुनेची एचबी सात आहे, हायरिस्क आहे, रेफर करा लागते." सासू लगेच शेजारणीला सांगते, "हायरिस्क आहे म्हणते माय." शेजारीण घाबरते. म्हणजे शब्द पोचला.

उलट्या बाजूनं याच जंगलात एक मोठा 'स्पोकन' वर्ग झाला होता, तो मात्र सगळे विसरतात. १९७३ साली बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथं गेलेले त्यांचा मुलगा प्रकाश आणि सून मंदाताई दोघंही डॉक्टर, वैद्यकीचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, आणि समोरचा पेशंट फक्त माडिया बोलणारा. पोट दुखतं की छाती, हेच विचारायची सोय नाही. माडियाचं रॅपिडेक्स नव्हतं, खांबावर 'फाडफाड माडिया बोला' अशी पाटी नव्हती. खांबच नव्हते. लोकांत बसून, ऐकून, बोट दाखवून, शब्द टिपून ती भाषा त्यांनी पोटात घेतली. पेशंटनं ती किती दिवसांत शिकवली याची जाहिरात केली नाही आणि स्टेज डेअरिंगचे वेगळे पैसेही लावले नाहीत. चुकलं की माडिया लोक हसत असणार. डॉक्टरवर पेशंटनं हसावं याहून चांगली ओपीडी कुठली?

इंग्रजी चुकलं की हसतात ते मात्र आपलेच लोक. परदेशातला पाहुणा गाईडच्या वाक्याला हसत नाही, त्याला वाघ बघायचा असतो. हसतो तो नागपूर-पुण्याकडचा, ज्याच्या स्वतःच्या वडिलांचं रॅपिडेक्स वीस पानांवर थांबलेलं होतं.

आता गाईड लोकांनी आपली लेकरं कॉन्व्हेंटात घातली आहेत. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. शाळेला नाव वारकरी संताचं असो की गणपतीचं, शेवटी कॉन्व्हेंट लागतंच. मोहर्लीच्या रस्त्यानं पहाटे बाप जिप्सीत जातो आणि थोड्या वेळानं लेक पिवळ्या व्हॅनमध्ये, मानेला टाय बांधून. या टायला घाम मात्र येतो. संध्याकाळी दोघं एकाच खाटेवर बसतात. अशीच एक चौथीतली पोरगी बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही चुकीचं बोलता. 'टायगर इज कमिंग' नाही होत. मॅडम म्हणते, त्याच्या आंधी 'अ' नाहीतर 'द' लावा लागते."

बापानं बूट काढता काढता विचार केला. "कोनता कधी लावाचा मंग?"

पोरीला ते सांगता येईना. पुस्तकात नियम होता, पण तो इंग्रजीत होता.

"असं कर," बाप म्हणाला. "पाहुन्याले दिसला त द. नाई दिसला त अ."

पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यावर लाल फुली मारली.